‘का.’ या शेऱ्यावरून जाहलेल्या मोहिमेची हकीकत

हकीकत लिहावयास कारण की, नगराच्या उत्तरेस जी टेकडी आहे आणि टेकडीवर जे रान नगरपालिकेच्या मालकीचे आहे, त्या रानावर गतसाली जी मोहीम जाहली तिचे वर्तमान लोक आपापल्या सोयीने सांगतात. कोणी म्हणतो कचेरीने झाडे वाचविली, कोणी म्हणतो झाडांनी कचेरी वाचविली. सबब जे घडले ते घडल्या क्रमाने लिहिले असे. पदरचे काही घातले नाही. नावे लिहिली नाहीत म्हणून कोणी रुसू नये. हुद्दे लिहिले आहेत, त्यावरून ज्याचे त्याने ओळखून घ्यावे.

नगरपालिकेच्या कचेरीत रानाचे काम पाहणाऱ्या झाडवाल्या बाई निवर्तल्या तो दिवस बुधवार. कचेरीस खबर दुपारी तीन वाजता पोहोचली, आणि कचेरी हळहळली, आणि सूचनाफलकावर काळ्या चौकटीचा कागद लागला, आणि सर्व मंडळी दोन मिनिटे उभी राहिली आणि मग बसली. परंतु आपले नुकसान काय जाहले हे कचेरीस त्या दिवशी कळले नाही. ते कळले पुढे साडेचार महिन्यांनी, एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी.

ते ऐसे जाहले की, त्या दिवशी वरच्या कचेरीतून खलिता आला. मजकूर, वाऱ्यापावसाचे दिवस जवळ आले, तरी आपल्या हद्दीतील रानात धोक्याची झाडे किती आणि सुस्थितीत किती, याचा तपशील तज्ज्ञाच्या सहीनिशी पंधरा दिवसांत रवाना करावा, आणि धोक्याची असतील ती उतरवून घ्यावी, हयगय जाहल्यास जबाबदारी आपली. मोठ्या मॅडम, म्हणजे मुख्याधिकारी, यांनी तो खलिता वाचिला आणि समासात ‘बाईंना द्यावे’ असे लिहून सही केली, कारण रानाचा कागद आला की असेच लिहावयाचे हा हाताला वळण पडलेला. शिपाई तो कागद घेऊन जिन्याखालच्या खोलीत गेला आणि बाईंच्या टेबलावर ठेवू लागला. तेथे आधीचे अठ्ठावीस कागद एकावर एक रचलेले होते आणि अठ्ठावीसांवर ‘बाईंना द्यावे’ हाच हुकूम होता. एकोणतिसावा ठेवताच ढीग कलला, आणि घसरला, आणि सर्व कागद जमिनीवर पसरले. शिपायाने ते गोळा केले आणि मॅडमच्या दालनात नेऊन ठेविले आणि विचारिले की बाई तर नाहीत, तर आता कोणाला द्यावे. मॅडम कागदांकडे पाहात राहिल्या. नुकसान कळले ते त्या वेळी.

मग रानखात्याची शिबंदी मोजावी असा हुकूम सुटला, आणि हेडक्लार्क अण्णा यांनी मोजली, ती येणेप्रमाणे. मंजूर असामी नऊ. पैकी वनाधिकारी एक, ही जागा निर्माण जाहली त्या दिवसापासून रिकामी. वृक्षपर्यवेक्षक दोन, पैकी एक बाई, आणि दुसरी जागा भरावी असा अर्ज बाई दर साली करीत आणि दर साली तो आवक वहीत चढे. रक्षक चार, पैकी दोन निवृत्त, एक अकरा वर्षांमागे निवडणुकीच्या कामाला उसना दिला तो परत आला नाही, आणि एक मॅडमची गाडी चालवितो. माळी दोन, ते कचेरीच्या आवारातील कुंड्यांस पाणी घालितात आणि टेकडी त्यांनी लांबून पाहिलेली. म्हणजे सहाशे बारा झाडांचा सारा मुलूख बाई एकट्या सांभाळीत होत्या, आणि ते चालले होते म्हणून कोणी मोजले नव्हते.

आता हा मुलूख कोणाच्या हवाली करावा यावर मसलत बसली. पाणीपुरवठ्याने कळविले की झाडे नळाच्या बाहेर येतात. जन्ममृत्यू नोंदणीने कळविले की झाडाचा जन्म आमच्याकडे नोंदविला जात नाही, सबब मृत्यूही आम्ही घेणार नाही. आरोग्याने कळविले की आम्ही डासांत गुंतलो आहोत. त्या दिवशी दिवाबत्तीसाहेब रजेवर होते, म्हणून रान त्यांना मिळाले.

दिवाबत्तीसाहेब हे रस्त्यावरील दिव्यांचे अधिकारी, मोठे सालस, विजेच्या कामात मातब्बर, खांबाचा नुसता आवाज ऐकून आतली वायर कोठे जळाली ते सांगणारे. परंतु झाड त्यांनी आजवर एकाच नजरेने पाहिले होते, की फांदी तारेला लागते किंवा लागत नाही. रजेवरून आले तो टेबलावर अतिरिक्त कार्यभाराचा हुकूम. त्यांनी तो दोनदा वाचिला आणि घरी फोन करून कळविले की आपल्याला जंगल मिळाले आहे.

त्यांनी बाईंचे कपाट उघडविले आणि आत एक निळ्या पुठ्ठ्याची जाड वही सापडली, आणि सर्वांना हायसे वाटले, कारण वहीत सहाशे बारा झाडे एकेक करून लिहिलेली होती. झाडाचा नंबर, जात, छातीच्या उंचीवरील घेर, कल कोणत्या दिशेस, आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात पाचशे बासष्ट झाडांपुढे ‘नि.’ लिहिले होते, एक्केचाळीस झाडांपुढे ‘का.’, आणि नऊ झाडांपुढे ‘तो.’. याचा अर्थ वहीत कोठे लिहिलेला नव्हता. लिहिण्याची गरज काय होती, वाचणारे माणूस एकच होते.

तेव्हा हेडक्लार्क अण्णांस पाचारण जाहले. अण्णा म्हणजे एकतीस वर्षे कचेरीचे कागद वाचून केस पिकविलेला माणूस. अर्ध्या अक्षरावरून अख्खा जावक क्रमांक सांगावा अशी त्यांची ख्याती. त्यांनी चष्मा पुसला आणि वही पाहिली आणि निर्णय दिला, तो असा की, ‘नि.’ म्हणजे निरंक, म्हणजे कारवाई नाही. ‘का.’ म्हणजे कापणे, यात विचारण्यासारखे काही नाही. आणि ‘तो.’ म्हणजे तोच, म्हणजे वरच्या ओळीत असेल तोच शेरा खाली समजावा. दिवाबत्तीसाहेबांनी भीत भीत शंका काढिली की बाईंनी ‘तोच’ नऊच वेळा का लिहिले, बाकीच्या ठिकाणी का नाही. अण्णा म्हणाले, बाई कंटाळत असतील. नवांच्याही वरच्या ओळीत ‘नि.’च होते, सबब यावर मसलत संपली. एक्केचाळीस झाडे धोक्याची ठरली, फर्मान टाईप जाहले, आणि तज्ज्ञाची सही या जागी दिवाबत्तीसाहेबांनी सही करून खाली कंसात ‘प्रभारी’ असे लिहिले, कारण खोटे लिहिण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

शुक्रवारी सकाळी फौज दाखल जाहली. एक मुकादम, चार करवतवाले, दोन यंत्रकरवती, दोरखंड, शिड्या, पिवळ्या रंगाचे दोन डबे, असा सरंजाम. त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी, पंपघराजवळ, तळ दिला, आणि यादी पाहून एक्केचाळीस झाडांवर पिवळ्या फुल्या मारिल्या. सोमवारी सकाळी करवत लागणार असे ठरले.

त्या पंपघरात जो गृहस्थ एकोणीस वर्षे पंप चालवीत होता त्यास नगरात सर्वजण ‘पंपवाले’ म्हणत. झाडवाल्या बाई या त्यांच्या कुटुंब. साडेचार महिने त्यांनी एकही रजा घेतली नव्हती, पंप वेळेवर चालू होई आणि वेळेवर बंद होई, आणि कोणी विचारपूस केली तर ते मोटरच्या आवाजाकडे बोट दाखवून ऐकू येत नाही अशी खूण करीत, मोटर बंद असली तरी.

मुकादम पाणी मागावयास पंपघराच्या दारात आला आणि बाटल्या भरता भरता म्हणाला, “काका, तुमच्या ऑफिसात झाडांचं कोण बघतं हो?”

पंपवाल्यांनी सांगितले की आता कोणी नाही.

“तेच म्हटलं. चांगली धडधाकट झाडं कापा म्हणतात, आणि वाटेवरचं ते पोकळ झालेलं आहे ना, ज्याला हात लावला तर भुसा पडतो, ते यादीतच नाही. मी तीस वर्षं लाकूड कापतोय, असली यादी बघितली नाही. पण आपल्याला कोण विचारतं.”

पंपवाल्यांनी यादी मागून घेतली. यादी आठ नंबरापासून सुरू होई, आणि त्यात एकशे सतरा होते. एकशे सतरा ते ओळखीत होते. सुट्टीच्या दिवशी बाई त्यांना टेप धरावयास टेकडीवर नेत, आणि एकशे सतरापाशी त्यांचा पाय घसरून घोटा मुरगळला होता, आणि बाईंनी आधी झाडाचा घेर लिहून घेतला आणि मग घोट्याची चौकशी केली. त्यावरून घरात चार दिवस अबोला होता, तो पाचव्या दिवशी बाईंनीच मोडला, दुसऱ्या झाडाला टेप धरायला कोणी नव्हते म्हणून. एकशे सतरा, एकशे अठरा, एकशे वीस, ही सारी झाडे पंपघराच्या वरच्या उतारावर ओळीने उभी. पंपवाले मान वर करून पाहू लागले, तो उतारभर फुल्याच फुल्या. सात वर्षांमागे याच उताराची माती घसरून पंपघराच्या मागच्या भिंतीला येऊन टेकली होती, आणि तेव्हापासून बाई या ओळीपाशी जास्त वेळ थांबत, आणि मुळांविषयी काही सांगत, आणि ते ऐकत नसत. माणूस उद्याही सांगणार आहे अशा भरवशावर जसे ऐकत नाहीत तसे.

त्यांनी मुकादमास विचारिले की ही यादी कशावरून केली, आणि मुकादमाने सांगितले की वहीत या झाडांपुढे ‘का.’ लिहिले आहे म्हणे, का म्हणजे कापणे.

पंपवाले खुर्चीवर बसले.

ते ‘का.’ त्यांनी नऊ वर्षे रोज वाचिले होते. त्यांची पाळी पहाटेची, दुपारी दोनला सुटका. तोवर बाई टेकडीवर गेलेल्या असत. संध्याकाळी दोघांची गाठ पडे. मधल्या काळात घरातील राज्यकारभार फ्रीजवरच्या चिठ्ठीने चाले. चिठ्ठीवर वरती तारीख, कचेरीची सवय, मग दोन ओळी हुकूम, आणि शेवटी ‘का.’. काळजी घ्या, असे पूर्ण लिहावयास बाईंना सवड नसे, आणि पहिल्या काही दिवसांनंतर गरजही नसे.

मग पंपवाल्यांनी पंप जोडीदाराच्या हवाली केला आणि ते तसेच तेलकट हातांनी कचेरीवर चालून गेले. अण्णांच्या टेबलापुढे उभे राहून त्यांनी सांगितले की फर्मान चुकले आहे, ‘का.’ म्हणजे काळजी, ती झाडे जपायची आहेत, कापायची नाहीत. अण्णांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागविले, आणि मग हळू आवाजात कायदा सांगितला. फर्मानावर सही जाहली आहे. सही जाहलेले फर्मान फिरवायचे तर पुरावा पाहिजे, तोही लेखी, तोही मूळ प्रतीत. आणि पंपवाल्यांच्या सेवापुस्तकात पंप सोडून दुसरी कोणतीही विद्या नोंदविलेली नाही.

“राग मानू नका,” अण्णा म्हणाले, “पण तुम्हाला झाडांचं काय कळतं?”

“झाडांचं नाही कळत. तिचं कळतं.”

अण्णांनी टेबलावरचे कागद इकडचे तिकडे केले. मग म्हणाले की सोमवारी दहाच्या आत पुरावा घेऊन या, मी मॅडमच्या पुढे ठेवितो, त्यापलीकडे माझ्या हातात नाही.

शनिवारी पंपवाल्यांनी आपल्याच घराची झडती घेतली. चिठ्ठ्या जपून ठेवाव्या असे त्यांना कधी सुचले नव्हते. नऊ वर्षांत दोन हजारांवर चिठ्ठ्या आल्या असतील, त्या वाचून कचऱ्यात गेल्या, किंवा डगमगत्या टेबलाच्या पायाखाली गेल्या, किंवा त्यांच्या पाठीवर पंपाचे आकडे लिहिले गेले. लेक दूरच्या शहरात नोकरीस, तिला फोन लाविला. तिने सांगितले की आईचे मेसेज माझ्याकडे आहेत, पण त्यात ‘काळजी घे’ असे पूर्ण लिहिले आहे, कारण फोन पुढचा शब्द आपणच सुचवितो. मग तिने दुरूनच झडतीची सूत्रे हाती घेतली. “बाबा, औषधांच्या डब्यात बघा. मग पंपाच्या लॉगबुकात. मग पँटचे खिसे. तुम्ही खिसे न बघता धुवायला टाकता हे आईनं मला शंभर वेळा सांगितलंय.” त्या हुकुमाप्रमाणे औषधांच्या डब्यात एक चिठ्ठी मिळाली, लॉगबुकात पानाची खूण म्हणून घातलेली एक मिळाली, आणि पँटच्या खिशात एक होती ती धुऊन पांढरी गोळी जाहलेली. लेकीने विचारिले की आणखी नाही का कुठे. पंपवाले म्हणाले, नाही.

आणखी एक होती. तिचा शोध घ्यावा लागला नाही. ती पाकिटात होती आणि ती कोठे आहे हे त्यांना प्रत्येक क्षणी माहीत होते. पण ती कचेरीच्या कामाची नव्हे, असे त्यांनी मनाशी ठरविले.

सोमवार उजाडला. करवती सातलाच टेकडीवर चढल्या होत्या. पंपवाल्यांनी वाटेत मुकादमास गाठून सर्व सांगितले, आणि मुकादमाने दहा वाजेपर्यंत तह केला. म्हणाला, आमच्या करवतीची साखळी सैल झाली आहे, ती घट्ट करायला दहा वाजतील, मग मात्र माझा इलाज नाही.

साडेनऊला मॅडमच्या दालनात दरबार भरला. मॅडम मध्ये, उजवीकडे अण्णा निळी वही आणि फाईल घेऊन, डावीकडे दिवाबत्तीसाहेब, आणि समोर पंपवाले, धुतलेला शर्ट घालून. पुरावा रुजू करावा असा हुकूम जाहला आणि त्यांनी पहिली चिठ्ठी टेबलावर ठेविली. तीत लिहिले होते, ‘सकाळची गोळी राहिली आहे. घ्या. का.’

अण्णांनी ती पाहिली आणि मोठ्या अदबीने हरकत घेतली की यावरून काही सिद्ध होत नाही, कारण बाईंनी गोळी कापून घ्या असे लिहिले असावे. मॅडमनी विचारिले की गोळी अर्धी घ्यायची असते का. पंपवाले खरे बोलणारे. म्हणाले, हो, मधोमध रेघ असते, अर्धीच घेतो.

पहिला मोर्चा ढासळला. पंपवाल्यांनी दुसरी चिठ्ठी पुढे सरकविली. तीत मजकूर असा की, ‘केस कानावर आले आहेत. लग्नाला जायचे आहे. का.’

अण्णांनी फक्त चिठ्ठीवर बोट ठेविले आणि मॅडमकडे पाहिले. दिवाबत्तीसाहेब वरच्या पंख्याकडे पाहू लागले. मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला आणि त्यांनी तो ताब्यात आणिला. त्यांनी घड्याळ पाहिले, तो दहाला अकरा मिनिटे. त्यांनी विचारिले की आणखी काही आहे का.

पंपवाल्यांचा खिशातल्या पाकिटाकडे हात गेला आणि परत आला. त्यांना वाटले की नाही म्हणावे आणि निघावे. झाडे गेली तर गेली, झाडे पुन्हा येतात. मग त्यांना वाटले की उद्या या फाईलवर लिहिले जाईल की वृक्षपर्यवेक्षकांच्या शेऱ्यानुसार एक्केचाळीस झाडे कापण्यात आली, आणि ते पुढे कायम तसेच राहील, तिच्या अक्षराखाली. आणि त्यांनी पाकीट काढिले.

“एक आहे,” ते म्हणाले. “पण ती मला परत पाहिजे.”

मॅडमनी घडी उलगडली आणि मोठ्याने वाचिली. ‘दवाखान्यात जाऊन येते. आई दुपारी येईल. का.’

मॅडमनी चिठ्ठी खाली ठेविली आणि विचारिले, “आई म्हणजे कोणाची आई?”

“तिची. माझ्या सासूबाई.”

“हयात आहेत?”

“आहेत की. ठणठणीत आहेत.”

मॅडम अण्णांकडे वळल्या. “म्हणजे अण्णा, तुमच्या हिशेबानं बाईंनी यांना लेखी आदेश दिला होता आणि यांनी तो पाळला नाही.”

प्रथम दिवाबत्तीसाहेब फुटले. मग मॅडम. मग अण्णा, एकतीस वर्षांत कचेरीच्या वेळेत जे हसले नव्हते ते, खुर्चीच्या हातावर थाप मारून हसले आणि डोळ्यांतून पाणी आले म्हणून चष्मा काढिला. आणि पंपवालेही हसले. आपण हसतो आहोत हे त्यांच्या थोडे उशिरा ध्यानात आले. सासूबाईंना हे सांगितले तर त्या काय म्हणतील असा विचार मनात आला आणि त्यांना पुन्हा हसू आले.

अण्णांनी चष्मा पुसून परत घातला आणि पुराव्याची नोंद घ्यावी म्हणून चिठ्ठी जवळ ओढली, आणि तारीख वाचिली. मग ते हसावयाचे थांबले. काळ्या चौकटीचा कागद त्यांनीच टाईप केला होता, आणि त्यावरची तारीख त्यांना पाठ होती. ती तारीख हीच होती. त्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या तेव्हा पंपवाले घरी होते, आणि दार उघडत असतानाच फोन वाजला होता. अण्णांना यातले काही माहीत नव्हते. त्यांना तारीख एवढीच माहीत होती, आणि तेवढी पुरली.

त्यांनी काही न विचारता फर्मान पुढे घेतले, आणि लाल पेनाने त्यावर आडवी रेघ मारिली, आणि समासात ‘वाचनात चूक. माझी.’ असे लिहून खाली सही केली. एकतीस वर्षांत अशा मजकुरावर त्यांची ही पहिली सही. मॅडमनी शेजारी सही केली. दिवाबत्तीसाहेबांनी टेकडीवर फोन लाविला, तो दहाला चार मिनिटे. मुकादम म्हणाला की साखळी अजून सैलच आहे.

राहिला ‘तो.’चा प्रश्न. पंपवाल्यांस विचारिले, तर ते म्हणाले की तोडणे असेल, पण मला नक्की माहीत नाही, तिने मला कधी तोडायला सांगितले नाही. तेव्हा दिवाबत्तीसाहेबांस युक्ती सुचली, आणि त्यांनी फोनवरूनच मुकादमास हुकूम दिला की रानात फिरून तुमच्या मते जी झाडे मेलेली आहेत त्यांचे नंबर सांगा. मुकादम तासाभराने बोलला. त्याने आठ नंबर सांगितले आणि आठही वहीतल्या ‘तो.’शी जुळले. नववे झाड त्याच्या मते उत्तम होते, सरळ, हिरवेगार, त्याला हात लावणे पाप. बाईंच्या वहीत मात्र ‘तो.’. ते मग त्याने ठोकून पाहिले, आणि कान लावून पाहिले, आणि खोडाला बारीक भोक पाडून पाहिले, तो आतून सारे कुजलेले, बाहेर नुसती बोटभर जाडीची साल आणि लाकूड. त्याने परत फोन केला आणि बाई कोठे भेटतील असे विचारिले. दिवाबत्तीसाहेबांनी फोन पंपवाल्यांच्या हाती दिला आणि मग आपली चूक समजून परत घेऊ लागले, परंतु पंपवाल्यांनी दिला नाही. ते त्याच्याशी नीट बोलले.

चिठ्ठी परत मिळाली नाही. फर्मान फिरविले त्यास मूळ पुरावा जोडला नाही तर वरची कचेरी ते फिरविणे मानणार नाही, हे अण्णांनी सांगितले, आणि सांगताना ते पंपवाल्यांकडे पाहू शकले नाहीत. पंपवाले म्हणाले, “ठेवा. तिच्या कामाचंच आहे.” अण्णांनी ती चिठ्ठी फाईलीत चौदाव्या पानावर, डिंक फक्त वरच्या काठाला लावून, अक्षराला कोठे लागू न देता चिकटविली, आणि तिची झेरॉक्स स्वतः काढून आणिली आणि तीवर सत्यप्रतीचा शिक्का मारून दिली. शिक्का मारताना तो ‘का.’वर येणार नाही याची खबरदारी घेतली.

येणेप्रमाणे सोमवारी, सकाळी दहाला चार मिनिटे कमी असता, टेकडीचे रान फत्ते जाहले. राखिलेली झाडे एक्केचाळीस. उतरविलेली नऊ. मनुष्यहानी नाही. जखमी एक, ते दिवाबत्तीसाहेब, जे उतरविण्याच्या वेळी जातीने हजर राहिले आणि पोकळ खोडातील गांधीलमाश्यांनी त्यांच्या कानाचा समाचार घेतला, आणि तरीही ते संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. कचेरीचे शत्रूपक्षी कोण होते याचा उलगडा शेवटपर्यंत जाहला नाही, कारण सर्वच आपले होते. वादळाचे दिवस आले आणि गेले. उतार जागेवर आहे, पंपघर जागेवर आहे, नळांस पाणी आहे.

अहवाल वर रवाना जाहला. त्यासोबत मॅडमनी वृक्षपर्यवेक्षकाच्या दोन्ही जागा भराव्या अशी मागणी पाठविली, तज्ज्ञ माणसाशिवाय रान सांभाळता येत नाही, ऐसे स्पष्ट लिहून. वरून उत्तर आले की, अहवाल उत्कृष्ट आहे, प्रभारी अधिकाऱ्याने तज्ज्ञाचे काम समाधानकारक केलेले दिसते, तरी स्वतंत्र जागांची आवश्यकता काय ते कळवावे. मॅडमनी कळविले. पुन्हा विचारणा आली. पुन्हा कळविले. तो पत्रव्यवहार चालू आहे.

वहीत आता एक्केचाळीस झाडांपुढे अण्णांनी आपल्या हाताने ‘काळजी’ असा पूर्ण शब्द लिहिला आहे. पंपवाले सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन टेकडीवर जातात. टेपचे दुसरे टोक कधी दिवाबत्तीसाहेब धरितात, कधी मुकादम वाटेने जात असला तर तो धरितो. घेर मोजतात, वहीत लिहितात, आणि मग झाडापुढे उभे राहातात. कोणाच्या मुळाशी माती घालावयाची, कोणाची फांदी कमी करावयाची, कोणाला नुसते राहू द्यावयाचे, हे बाईंना माहीत होते. वहीत ते लिहिलेले नाही.

दोन्ही जागा रिकाम्या आहेत. एक्केचाळीस झाडांची काळजी घेणे बाकी आहे.